जुन्या मोटारींचा क्लब ओस का पडतो: उद्यमनगरातून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या मोटारींच्या क्लबात पूर्वी रविवारी गाड्या लावायला जागा पुरायची नाही. आता चार-पाच गाड्या येतात, त्याही त्याच त्याच. नवे सभासद मिळत नाहीत, जुने वर्गणी भरत नाहीत. वर्गणी कमी करावी का? बुलेटवाल्यांच्या ग्रुपमध्ये विलीन व्हावं का? की एखादी मोठी रॅली काढून जाहिरात करावी?"

माझं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या वस्तीत, जुन्या गाड्यांची इंजिनं खोलण्यात आणि बसवण्यात गेलं. क्लबच्या कमिटीतही बरीच वर्षं बसलो. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक काम करा. गेल्या काही वर्षांत ज्यांनी येणं सोडलं त्यांची यादी काढा, प्रत्येकाला फोन लावा आणि एवढंच विचारा: गाडी चालू आहे का?

"क्लबला का येत नाही?" असं विचारू नका. त्याला वेळ नाही, गुडघे दुखतात, मुलीचं लग्न आहे अशी उत्तरं येतात. ती खोटी नसतात, पण त्यातून काही हाती लागत नाही. गाडीबद्दल विचारलं की माणूस खरं बोलतो. ब्रेक जाम झालाय, कार्बोरेटर गळतोय, मिस्त्री वारले, पासिंग संपलंय, गाडी गावाकडं शेडमध्ये पडून आहे. मी जितक्या जणांशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत क्रम हाच होता: आधी गाडी बंद पडली, मग माणूस यायचा थांबला, मग वर्गणी थांबली. क्लबच्या दप्तरात फक्त शेवटची गोष्ट दिसते, म्हणून कमिटी वर्गणीवर चर्चा करत बसते.

आणि गाडी बंद पडलेला माणूस का येत नाही, हेही समजून घ्या. बंद गाडीचा मालक स्कूटरवरून आला तर त्याला पहिला प्रश्न "गाडी कुठाय?" हाच येतो. दोनदा-तीनदा तेच उत्तर द्यावं लागलं की त्याला नको वाटतं. वडिलांनी घेतलेली फियाट आपल्या हातून बंद पडली, याचं त्याला आतून वाईट वाटत असतं आणि चारचौघांत ते परत परत सांगायला लागतं. म्हणून तो घरी बसतो. जो क्लब फक्त चालत्या, चकचकीत गाडीचं स्वागत करतो, तो आपल्याच माणसांना एकेक करून घरी पाठवत असतो.

तेव्हा गाड्या बंद का पडतात ते आधी बघू. कारणं नवी आहेत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ती एवढी जाचत नव्हती.

पहिलं सामान. प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, तरी तिचं सामान पुढं बरीच वर्षं मिळत होतं, कारण मुंबईत त्या टॅक्स्या धावत होत्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. दुकानदार सामान ठेवत होता तो टॅक्सीवाल्यासाठी. आपण हौशी लोक त्याच्याकडून वर्षातून एकदा एक हेड पॅकिंग आणि चाकातल्या ब्रेकची दोन व्हील सिलेंडर किट घेणारे, आपल्यावर त्याचं दुकान चालत नाही. अँबॅसडरचंही तसंच. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला. कोलकात्यात पिवळ्या टॅक्सीमुळं सामान टिकून होतं, पण त्या टॅक्स्याही वयाच्या मर्यादेमुळं उतरत चालल्या आहेत. स्टँडर्ड हेराल्ड, मॉरिस मायनर, हिलमन यांचं तर बोलायलाच नको. एक पंधराशे रुपयांचा भाग मिळत नाही म्हणून लाखाची गाडी उभी राहते.

दुसरं पेट्रोल. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत गेलं. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांमधूनच ते बनतं, ऊसवाल्याला चार पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १९७० सालच्या गाडीचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं ही इथेनॉल डोळ्यांपुढं ठेवून केलेली नाहीत. रबर आधी फुगतं, मग त्याला भेगा पडतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून उभी राहिली की ते पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. वर जुन्या टाकीच्या भिंतीला चिकटलेला राळेसारखा थर इथेनॉलनं सुटतो आणि जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. मालक म्हणतो, "परवापर्यंत चालू होती, एकदम काय झालं?" एकदम काही होत नाही, दोन पावसाळे ते चाललेलं असतं. इलाज अवघड नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप व्हिटॉनचे, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे, घाला, पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा बघून घ्या, टाकी साफ करून आतून कोटिंग करा, पंपाच्या अलीकडं काचेचा फिल्टर लावा म्हणजे गाळ डोळ्यांना दिसतो. या पेट्रोलवर इंजिन थोडं पातळ मिश्रणावर (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं. घाटात उगाच तापत असेल, धक्के देत असेल, तर मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा. हे काम एका दिवसाचं आहे. पण ते माहीत असलेला माणूस शेजारी नसेल तर गाडी दोन वर्षं उभी राहते.

ब्रेकचं तर मी कितीही लिहू शकेन. कोल्हापूरचा पाऊस, आणि ब्रेक ऑइलही ओल धरतं. चार महिने न हललेल्या गाडीचे व्हील सिलेंडर आतून गंजतात, पिस्टन चिकटतो, किट बदललं तरी पंधरा दिवसांत परत गळती. कारण सिलेंडरच्या भिंतीला खड्डे पडलेले असतात. तिथं नवं रबर घालून उपयोग नाही. सिलेंडर बोअर करून पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह (आतली नळी) बसवायची, मग तो सिलेंडर वर्षानुवर्षं टिकतो. क्लचचंही असंच आहे. पावसाळ्यात प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. बऱ्याच जणांनी गिअरबॉक्स गेला असं समजून गाडी झाकून ठेवलेली मी पाहिली आहे.

तिसरं कारण मला सगळ्यांत जास्त लागतं. मिस्त्री राहिले नाहीत. अँबॅसडरच्या इंजिनाला टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट ०.०१५ इंच ठेवायची, हे पुस्तकात मिळतं. पण आवाज ऐकून तिसऱ्या सिलेंडरचा एक्झॉस्ट टॅपेट ढिला आहे हे सांगणारी माणसं या गावात होती. एसयू बनावटीच्या कार्बोरेटरचा पिस्टन बोटानं किंचित उचलून, इंजिनाचा आवाज कसा बदलतो त्यावरून मिश्रण ठरवणारी होती. त्यांची मुलं शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, कामाला लागली. चांगला पगार आहे, त्यांनी तिथंच जावं. पण त्या म्हाताऱ्या मिस्त्रींना आपण कधी क्लबच्या कार्यक्रमात स्टेजवर बसवलं का? गाडीबरोबर मालकाचा फोटो येतो. ज्यानं गाडी चालू केली, तो मागं पाना हातात घेऊन उभा असतो आणि कार्यक्रम संपला की त्याला कोणी जेवायला थांबा म्हणत नाही. तो सभासदही नसतो, कारण त्याच्याकडं जुनी गाडी नाही. मोटारींच्या क्लबनं मोटार जिवंत ठेवणाऱ्याला दाराबाहेर ठेवायचं, याला मला कधीच अर्थ सापडला नाही.

चौथं, जागा. शाहूपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्कातले बंगले पाडून अपार्टमेंट झाली. पेठेतले वाडे गेले, त्यांच्याबरोबर गाडी आत घेणारे दिंडी दरवाजेही गेले. पार्किंगमध्ये एका फ्लॅटला एक जागा, तिथं रोजची गाडी लागते. मग जुनी गाडी गावाकडं शेडमध्ये जाते आणि उंदीर वायरिंग खातात. नाहीतर ती नदीकडच्या एखाद्या गोडाऊनमध्ये जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानं अशा किती गाड्या पाण्यात गेल्या, हे ज्यांनी नंतर इंजिनातून गाळ काढला त्यांना विचारा. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. गाडी कुठं ठेवायची हे ठरवताना त्या पातळीला आपल्या शेडच्या दारात पाणी कुठवर येतं, ते शेजाऱ्याला विचारूनच ठरवा.

कागदपत्रांचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यात अर्धी भीती ऐकीव आहे. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, असं लोक धरून चालले आहेत. तो वयाचा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, ती आरटीओत गाडी दाखवून दर पाच वर्षांनी वाढवता येते. २०२१ चं स्क्रॅप धोरणही वयापेक्षा फिटनेसवर बोट ठेवतं. खर्च मात्र वाढला आहे, ते खरं. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० आणि दुचाकीला २,००० रुपये. परदेशातून आणलेल्या मोटारीला तर ८०,०००. शिवाय पर्यावरण कर, आणि उशीर झाला तर मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये दंड. दोन-तीन वर्षं पासिंग थकलं की आकडा बघूनच माणूस हात टेकतो, आणि मग ती गाडी रस्त्यावर येतच नाही.

५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्रानं वेगळे नियम केले. त्यात व्हिंटेज नोंदणी होते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपयांत. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. गाडीच्या चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. पण घाई करू नका. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्याला रविवारी घरच्यांना घेऊन पन्हाळ्याला जायचं आहे, त्यानं साधी नोंदणीच चालू ठेवावी. ज्याची गाडी वर्षातून दोनदा रॅलीलाच निघते, त्याच्यासाठी व्हीए बरी. ही सल्लामसलत प्रत्येकानं एकट्यानं एजंटकडं जाऊन करण्यापेक्षा क्लबनं वर्षातून एक दिवस सगळ्यांचे कागद एकत्र बघितले, तर किती जण परत येतील याचा विचार करा.

याच दिवशी आणखी एक काम उरकून घ्या. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाच्या आरसीवर नॉमिनीचं नाव लावून घ्या. २०२१ पासून ती सोय आहे. मालक गेला की वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची, असा नियम आहे. घरात दुःख असताना हे कुणाच्या लक्षात राहतं? मग गाडी मेलेल्या माणसाच्या नावावर दहा वर्षं पडते, मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरात, आणि एक दिवस बाहेरगावचा दलाल येऊन मातीमोल भावात घेऊन जातो. एक गाडी जाते, एक सभासद जातो, आणि त्या घराचं क्लबशी नातंही तुटतं. इथं मुलींना विसरू नका. दोन घरांत मी पाहिलं, वडिलांच्या गाडीवर जीव होता तो मुलीचा, आणि क्लबचा निरोप जात होता जावयाला.

आता करायचं काय ते सांगतो. महिन्यातल्या एका रविवारी गाड्या दाखवायचा कार्यक्रम बंद करा आणि त्या दिवशी काम ठेवा. एक बंद गाडी ठरवायची, तिच्या दारात जमायचं. चार हातांनी ब्रेकची हवा काढायची, टाकी उतरवायची, इग्निशनचे पॉइंट घासायचे, कंडेन्सर बदलायचा. ब्रेकची हवा एकट्यानं काढणं अवघड, एकानं पेडल मारायचं आणि दुसऱ्यानं निपल सोडायचं. जुन्या गाडीची निम्मी कामं अशी दोन माणसांची आहेत. व्हिडिओ बघून माहिती मिळते, व्हॉट्सअॅपवर सामानाचा पत्ता मिळतो. त्यासाठी क्लबची गरज उरली नाही, हे मान्य करायला हवं. पेडल मारायला माणूस मात्र मोबाइलवर मिळत नाही. तिथं क्लब लागतो. ज्याची गाडी त्या दिवशी सुरू होते, तो पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या दारात पाना घेऊन हजर असतो. त्याला निरोप धाडावा लागत नाही.

या कामात पोरं घ्या. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधली मुलं बाहासारख्या स्पर्धांसाठी स्वतः गाडी बांधतात, वेल्डिंग करतात, सस्पेन्शनचं गणित मांडतात. त्यांच्याकडं जुनी गाडी नाही आणि पुढची दहा वर्षं असणारही नाही. आपल्या नियमात ती सभासद होऊच शकत नाहीत. पेठेतल्या तालमीत पोरगं आठ-दहा वर्षांचं असताना जातं. त्याला कोणी विचारत नाही तू पैलवान आहेस का, वर्गणी आणलीस का. ते माती उकरतं, पाणी आणतं, तालमीच्या फुटबॉल मॅचच्या दिवशी शाहू स्टेडियमवर झेंडा धरतं. पाटाकडील तालीम म्हणा, दिलबहार म्हणा, खंडोबा म्हणा, पिढ्यान् पिढ्या माणसं कमी पडत नाहीत ती याचमुळं. गाडी असलेल्यालाच घेणारा क्लब म्हणजे जिंकलेल्या मल्लालाच आत घेणारी तालीम. तेव्हा बिनगाडीचं सभासदत्व सुरू करा, विद्यार्थ्याला नाममात्र वर्गणी ठेवा, आणि मिस्त्री, डेंटर, पेंटर, ऑटो इलेक्ट्रिशियन, टर्नर यांना वर्गणी माफ. कमिटीत किमान दोन जागा त्यांच्यासाठी. हे दयेपोटी करू नका. क्लबची खरी पुंजी त्यांच्या हातात आहे म्हणून करा.

सामानाच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी रडावं याचं मला फार वाईट वाटतं. ज्या गावात ऑइल इंजिनं घडली, ज्या फाउंड्रीचं ओतकाम देशभरच्या गाड्यांत बसतं, तिथं आपण वॉटर पंपाच्या बॉडीसाठी मुंबईच्या जुन्या बाजारात हेलपाटे घालतो. अडचण एवढीच आहे की फाउंड्रीला एक नग परवडत नाही. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बनवायला पैसे लागतात, एका नगावर तो खर्च टाकला तर भाग सोन्याच्या भावानं पडतो. दहा-पंधरा जणांनी मिळून केला तर तोच भाग बाजारापेक्षा स्वस्त पडतो. क्लब लागतो तो इथं. जुना तुटका भागच पॅटर्न म्हणून साच्यात घालू नका, पुष्कळ जण ही चूक करतात. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, शिवाय मशिनिंगसाठी जास्तीची जाडी सोडावी लागते. तुमचा जुना भाग आधीच घासलेला असतो. म्हणून माप घेऊन, आकसणं धरून पॅटर्न नव्यानं करायचा. पूर्वी हे सागवानात पॅटर्नमेकर करायचा. आता तीच पोरं थ्रीडी स्कॅन करून कॉम्प्युटरवर आकार सुधारतात आणि प्लास्टिकचा पॅटर्न छापून घेतात. म्हाताऱ्या पॅटर्नमेकरला आणि थर्ड इयरच्या पोराला एका टेबलावर बसवा. एक जण ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटायला लागणारा उतार) किती ठेवायचा ते सांगेल, दुसरा तो कॉम्प्युटरवर उतरवेल.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, वॉटर पंप, थर्मोस्टॅटचं झाकण, पुली, हे बिनधास्त ओतून घ्या. ब्रेक ड्रम करता येतात, पण ग्रेड बघून, नीट मशिनिंग करून, तपासून. स्टिअरिंगचे आर्म, स्टब एक्सल असले भाग मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी ओतून घेऊ नका. ते फोर्जिंगचे असतात, बीडाचा भाग तिथं एका खड्ड्यात तुटतो आणि माणूस जातो.

इंजिनाचं हेड उतरवलेलंच असेल तर आणखी एक. शिसं घातलेलं पेट्रोल देशात फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. जुन्या बीडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट त्या शिशावर टिकायची. एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. उद्यमनगरात हे काम करणारे अजून आहेत. आहेत तोवर करून घ्या.

जागेसाठी सुचवतो: करवीर तालुक्यात बंद पडलेली गुऱ्हाळघरं बरीच आहेत. उंच छप्पर, पक्की जमीन, ट्रॅक्टर आत जाईल असं दार. पुराच्या रेषेच्या वरचं, रस्त्याला लागून असलेलं एखादं दहा जणांनी मिळून भाड्यानं घ्या. तिथंच कामाचा रविवार भरवा. अपार्टमेंटमध्ये इंजिन उतरवायला सोसायटी परवानगी देत नाही, इथं चेन पुली टांगून इंजिन उतरवता येतं. एका छपराखाली दहा गाड्या राहिल्या की दर पंधरा दिवसांनी कोणीतरी जाऊन सगळ्या सुरू करतं.

आता तुमचे तीन प्रश्न.

बुलेटवाल्यांत विलीन होऊ नका, त्यांचं लांबच्या प्रवासाचं वेड वेगळं आहे. पण दारं उघडा. आंतरराष्ट्रीय संघटना फिवा ३० वर्षांची गाडी ऐतिहासिक धरते. त्या हिशेबानं नव्वदीच्या सुरुवातीची मारुती ८००, टाटा सिएरा, काँटेसा, दुचाकीत जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १००, लँब्रेटा, चेतक, सगळं आत येतं. कमिटीतले ज्येष्ठ म्हणतील, "मारुती कसली क्लासिक?" त्यांना आठवण करून द्या की फियाट आणि अँबॅसडर याही एकेकाळी ऑफिसला जायच्याच गाड्या होत्या. पहिली मारुती डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. सरकारच्या व्याख्येनंही ती २०३३ मध्ये व्हिंटेज होईल. पस्तिशीतल्या माणसाच्या वडिलांनी मॉरिस घेतली नव्हती, मारुती घेतली होती. त्याचा जीव तिच्यात आहे, आणि तो जीव आपण ओळखला नाही तर तो आपल्याकडं कशाला येईल?

आणि ही पोरं आली की पहिल्या दिवशी मूळ रंग, मूळ स्क्रू, मूळ सायलेन्सर यावरून त्यांना झापू नका. आरएक्सवर मोठा सायलेन्सर लावलेला पोरगा सहा महिन्यांत स्वतःहून जुना सायलेन्सर शोधायला लागतो, जर त्यानं शेजारी एखादी मूळ अवस्थेतली गाडी रोज पाहिली तर. मूळपणावर माझी श्रद्धा आहे, पण ती ओरडून कुणाला लावता येत नाही.

रॅली काढा, पण तिच्याकडून सभासदांची अपेक्षा ठेवू नका. कोल्हापूरच्या माणसाला जुनी गाडी बघायचं अप्रूप आहेच. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा माणसं कशी बघत राहतात, ते आपण जाणतो. पण बघणाऱ्याला आत यायला वाट नसेल तर रॅली संपली की तो घरी जातो. रॅलीत एक बॉनेट उघडं ठेवून मिस्त्रीला तिथं उभं करा आणि पुढच्या कामाच्या रविवारचा पत्ता फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. रस्ताही लांब ठेवू नका. उन्हाळ्यात पन्हाळ्याच्या चढाला दोन गाड्या तापून थांबल्या की पुढच्या वर्षी ते दोघं येत नाहीत.

वर्गणी कमी करू नका. गाडीवाल्यांची आहे तीच ठेवा, आणि त्यातला निम्मा पैसा सामानाच्या पेटीसाठी बाजूला काढा: पॉइंट, कंडेन्सर, ब्रेक किट, फॅन बेल्ट, पंपाचे पडदे, व्हिटॉन पाइप. आपल्या पैशातून आपल्याच गाडीला लागणारा भाग त्याच दिवशी मिळतो हे दिसलं की वर्गणीची कुरकुर थांबते. हिशेब वहीत लिहा, महिन्याला वाचून दाखवा.

पहिला कामाचा रविवार गणपती झाल्यावर लगेच धरा. पाऊस ओसरलेला असतो आणि दसऱ्यापर्यंत तीन-चार रविवार हातात मिळतात. खंडेनवमीला गाडीची पूजा घरोघरी होते. बंद गाडी पूजेच्या दिवशी स्वतःच्या चाकांवर दारात यावी, एवढं एकच ध्येय पहिल्या वर्षी ठेवा. फोनवरच्या यादीतून ब्रेक, टाकी आणि बॅटरी एवढ्याच कारणानं उभ्या असलेल्या गाड्या आधी घ्या, इंजिन खोलायला लागणाऱ्या पुढच्या वर्षी. व्हील सिलेंडर स्लीव्ह करायचे असतील तर ते श्रावणातच उतरवून लेथवाल्याकडं द्या. दसऱ्याच्या तोंडावर त्याच्याकडं कारखान्यांची कामं असतात, आणि चार नगांसाठी तो मशीन थांबवत नाही.